एका हाताची पकड

चार वर्षांचं पोर रात्रीच्या वेळी स्वयंपाकघरात सुरी हातात घेऊन उभं आहे आणि स्वतःचीच बोटं कापून टाकायच्या तयारीत आहे, असं दृश्य कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, सेंट पीटर्सबर्ग शहरात राहणाऱ्या टँजी ग्रिफिन यांच्या वाट्याला ते आलं. मुलाचं नाव शकीम. जन्मापासून त्याच्या डाव्या हाताची बोटं नीट वाढलेलीच नव्हती. कशाला जरा धक्का लागला तरी कळ मस्तकात जायची. त्या रात्री ती त्याला सोसवेना. आईने सुरी काढून घेतली, डॉक्टरांना गाठलं आणि लगेच शस्त्रक्रिया होऊन तो डावा पंजा काढून टाकण्यात आला.

हाच मुलगा पुढे, 2018 साली, अमेरिकेतल्या सर्वात धसमुसळ्या खेळात व्यावसायिक खेळाडू झाला.

शकीम आणि शकील ही जुळी भावंडं 20 जुलै 1995 ची. शकील पहिला, शकीम त्याच्या पाठोपाठ. पोटात असताना गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे धागे सुटून बाळाच्या हातापायाला गुंडाळले जातात, दोरा आवळावा तसे आवळतात, आणि तिथला रक्तपुरवठा अडून तो अवयव खुरटतो. शकीमच्या डाव्या हाताचं तसंच झालं. शेजारीच वाढणाऱ्या शकीलला मात्र काही झालं नाही. मैत्रिणींनो, आपल्याकडे असं मूल जन्माला आलं की बायका आईला आधी काय विचारतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ तेव्हा हे स्पष्टच सांगायला हवं, की आईने काही चिरल्याने वा कापल्याने हे होत नाही, आणि सहसा ते आनुवंशिकही नसतं. त्या बिचारीचा यात काडीचाही दोष नसतो.

पंजा गेला आणि दुखणंही गेलं. जखमेची पट्टी पुरती सुटायच्या आतच हा पठ्ठ्या भावाबरोबर अंगणात चेंडूमागे धावायला लागला होता! घरातही त्याला कुठली सवलत नव्हती. शकीलला जे काम, तेच शकीमला. वडील टेरी बंद पडलेल्या मोटारी ओढून नेणारा ट्रक चालवत. गाठीला फार पैसा नव्हता, पण हातात कसब होतं. वजनं उचलताना एक हात आखूड पडतो म्हटल्यावर त्यांनी लाकडाचा ठोकळा घेतला, त्याला मऊ आवरण घातलं आणि त्या टोकावर वजनाची दांडी बरोबर टेकेल अशी सोय घरच्या घरी करून दिली. चेंडू झेलायला शिकवताना मात्र ते तो हळू फेकत नसत. मुलाची कीव करण्यापेक्षा त्याला लागेल ते हत्यार बनवून देणं बरं, असा त्यांचा खाक्या असावा.

आता या खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर कवच. बाजूला अकरा गडी. चढाई करणाऱ्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि बचाव करणाऱ्यांनी त्यांना अडवायचं. गंमत म्हणजे चढाईचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याच्या कमरेला मिठी घालून त्याला लोळवतात ना, बचाववाल्यांचं काम साधारण तेच. फक्त समोरचा गडी शंभर किलोचा आणि भरधाव सुटलेला. अशा माणसाला एका पंजाने धरायचं! लहानपणी समोरच्या संघाच्या एका प्रशिक्षकाने हा खेळ दोन हातवाल्यांचा आहे, असं या पोराला सुनावलं होतं.

शाळा संपली तेव्हा शकीलला विद्यापीठांकडून बोलावणी यायला लागली. तिथे चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते आणि शिक्षणाचा सगळा खर्च सुटतो. पण बहुतेकांना हवा होता एकटा शकील. दोघे म्हणाले, जाऊ तर एकत्र. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाने दोघांनाही घेतलं आणि 2013 मध्ये भाऊ तिथे दाखल झाले.

पण दाखल होणं वेगळं आणि मैदानात उतरणं वेगळं. शकील सामने खेळू लागला आणि शकीम नुसताच सरावाला. एका उन्हाळ्यात तर त्याला घरीच पाठवून दिलं. तो वडिलांच्या ट्रकवर गाड्या ओढायला जायचा आणि उरलेल्या वेळात व्यायाम करायचा. सख्खा जुळा भाऊ गाजतो आहे आणि आपण बाकावर, हे दुखणं त्या बोटांच्या दुखण्यापेक्षा कमी नसणार. आणि आईची तरी काय अवस्था? एका लेकाचं कौतुक करावं, तर दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही!

2015 साली या संघाने बाराच्या बारा सामने गमावले. नवे प्रशिक्षक आले, स्कॉट फ्रॉस्ट. त्यांनी शकीमला मागच्या फळीतून उचलून मधल्या फळीत, ‘लाइनबॅकर’च्या जागी आणलं. तिथून चक्रं फिरली. 2016 मध्ये तो त्यांच्या गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. 2017 च्या मोसमात संघ एकही सामना हरला नाही. 1 जानेवारी 2018 ला अटलांटात झालेल्या ‘पीच बोल’ या मानाच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नच्या बलाढ्य संघाला 34-27 असं हरवलं. त्या सामन्यातही उत्कृष्ट बचावपटू शकीमच.

एवढं करूनही व्यावसायिक संघांच्या चाचणीचं आमंत्रण त्याला सुरुवातीला आलं नव्हतं. ते मागाहून आलं. मग मार्चमध्ये कृत्रिम हात बांधून त्याने 225 पौंडांचं, म्हणजे सुमारे 102 किलोंचं वजन वीस वेळा उचललं. चाळीस यार्ड तो 4.38 सेकंदांत धावला. 2003 पासून त्याच्या जागेवरचा कुणीही चाचणीत इतकं जोरात धावला नव्हता.

शकीलला सिएटलच्या ‘सीहॉक्स’ संघाने 2017 मध्येच घेतलं होतं. जन्मापासून न दुरावलेले भाऊ त्या वर्षी प्रथमच वेगळे झाले. 28 एप्रिल 2018 ला त्याच संघाने 141 व्या क्रमांकावर शकीमला निवडलं. आधुनिक काळात या व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेलेला एका हाताचा हा पहिलाच खेळाडू.

इथे ‘आणि मग ते सुखाने नांदू लागले’ असं लिहायला मला आवडलं असतं. पण व्यावसायिक खेळ भावनांवर चालत नाही. 9 सप्टेंबर 2018 ला डेन्व्हरविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवलं, कारण नेहमीचा खेळाडू जखमी होता. तो सामना सिएटलने 24-27 असा गमावला. शकीम त्या दिवशी थोडा चाचपडला आणि मधूनच त्याच्या जागी दुसरा आला. पुढे त्याला मुख्यतः चेंडू पायाने दूर मारतात त्या वेळच्या खास तुकडीत धाडत. झटून धावायचं, धडकायचं आणि टाळ्या दुसऱ्याला, असं ते काम. ते त्याने मन लावून केलं.

तरी एक संध्याकाळ त्याची होती. जानेवारी 2020 मध्ये बाद फेरीत ग्रीन बे संघाशी सामना होता. त्यांचा नामांकित सूत्रधार ॲरन रॉजर्स चेंडू फेकायच्या बेतात असताना दोन्ही बाजूंनी दोघे त्याच्यावर झेपावले आणि त्याला खाली घेऊन आले. एक शकील, दुसरा शकीम. नोंदवहीत ती पकड दोघांच्या नावावर अर्धी अर्धी लिहिली गेली. सामना सिएटलने गमावला, पण ती नोंद काही पुसली गेली नाही.

2021 मध्ये शकील जॅक्सनव्हिलला गेला. शकीम मायामीच्या सराव तुकडीत दाखल झाला आणि ऑगस्ट 2022 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्वतःहून खेळ सोडला.