झिजलेला लेथ आणि तीन पाट्यांची युक्ती

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे यांपैकी कोणत्याही गावात पंपाचा शाफ्ट खराब झाला, की शेतकरी तो घेऊन वर्कशॉप गाठतो. तेथे एक लेथ असतोच. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे आणखी कारखाने उभे राहिले. उसाबरोबर गाळपाचे रोलर, पंप आणि इंजिने आली, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी लेथही आले. १९४१ साली हरिहर येथे निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचे लेथ आपल्याकडच्या टर्नर मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहेत. तो कारखाना आता बंद झाला, पण त्याचे लेथ अजूनही फिरताना दिसतात.

असा जुना लेथ पुष्कळदा किलोच्या भावाने भंगारात जातो. तो वाचवता येतो का? हौसेने, घरच्या शेडमध्ये? पुष्कळदा येतो, पण त्याआधी तो कोठे आणि कसा झिजला आहे हे समजून घ्यावे लागते. यात थोडी भूमिती आहे आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे.

झीज खाली, चूक आडवी

लेथचा बेड बिडाचा असतो. त्यावरून सॅडल मागे-पुढे सरकते आणि सॅडलवर कापणारे हत्यार बसवलेले असते. बहुतेक कामे आखूड असल्याने सॅडल चकजवळच सर्वांत जास्त फिरते. लोखंडाचा कीस आणि धूळही तेथेच पडते. म्हणून बेड चकजवळ झिजतो आणि टेलस्टॉकच्या टोकाला जवळजवळ नव्यासारखा राहतो.

समजा, सॅडल ०.१ मिलिमीटर खाली बसली. ४० मिलिमीटर व्यासाच्या कामावर याचा परिणाम किती? हत्याराचे टोक मध्यरेषेवरून सरळ खाली गेले, तर पायथागोरसच्या प्रमेयावरून त्रिज्येतील फरक सुमारे ०.१ चा वर्ग भागिले ४०, म्हणजे ०.०००२५ मिलिमीटर येतो. हा फरक नगण्य आहे.

मग काळजी कशाची? बेडची पुढची, म्हणजे कारागिराकडची, वाट मागच्या वाटेपेक्षा जास्त झिजते. त्यामुळे सॅडल नुसती खाली जात नाही, ती पुढे कलते. दोन वाटांमधील अंतर २४० मिलिमीटर आणि हत्याराची उंची १६० मिलिमीटर धरा. पुढची वाट ०.१ ने खाली गेली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने हत्यार ०.१ × १६० ÷ २४०, म्हणजे सुमारे ०.०६७ मिलिमीटर कामापासून दूर सरकते. व्यासात फरक पडतो त्याच्या दुप्पट, सुमारे ०.१३ मिलिमीटर. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला एवढी चूक चालत नाही.

दोन नव्हे, तीन ठिकाणी मोजा

शाफ्ट एका टोकाला जाड निघाला, की दोष झिजेचाच असे समजू नये. लेथचे पाय असमान टेकले असतील, तर बेडला पीळ पडतो आणि तरीही शाफ्ट निमुळता निघतो. म्हणून प्रथम चांगल्या स्पिरिट लेव्हलने बेड समतल करावा. हे काम फुकटात होते आणि अनेकदा अर्धा आजार तेथेच बरा होतो.

नंतर एक जाड सळई चकमध्ये धरून तिच्यावर तीन ठिकाणी कडी ठेवावीत: चकजवळ, मध्ये आणि टोकाला. हत्याराची जागा न बदलता तिन्हींवरून अगदी हलका काप घ्यावा आणि मायक्रोमीटरने व्यास मोजावेत. व्यास एकसारखे वाढत किंवा कमी होत गेले, तर दोष पीळ किंवा हेडस्टॉकच्या दिशेचा असण्याचा संभव जास्त. बदल एकसारखा नसेल, तर झिजेचा संशय धरावा. दोन बिंदूंतून नेहमी सरळ रेषाच जाते. वक्र ओळखायला तिसरा बिंदू लागतो.

सपाट म्हणजे काय?

आता खरा प्रश्न. झिजलेला पृष्ठभाग पुन्हा सपाट करायचा, तर कशाशी ताडून पाहायचे? आणि ती ताडणारी पाटी तरी सपाट कशावरून?

दोन पाट्या एकमेकींवर अचूक बसल्या, तरी त्या सपाट असतीलच असे नाही. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली, तरीही त्या नेमक्या बसतात. दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी लोक याच गोष्टीचा उपयोग करतात. मात्र अ, ब आणि क अशा तीन पाट्या घेतल्या आणि अ-ब, ब-क, क-अ या तिन्ही जोड्या अचूक बसल्या, तर? अ फुगीर असेल, तर ब आणि क दोन्ही खोलगट हव्यात. पण दोन खोलगट पाट्या एकमेकींवर बसणार नाहीत. म्हणून तिन्ही सपाटच असाव्या लागतात. पाट्या काटकोनात फिरवूनही ताडाव्यात, नाहीतर पीळ लपून राहतो. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ही रीत शास्त्रज्ञांपुढे मांडली.

अशा पाटीला निळ्या रंगाचा पातळ थर लावून ती लेथच्या भागावर टेकवतात. उंच बिंदूंना रंग लागतो. फिटर तेवढेच बिंदू स्क्रेपरने खरवडतो, पुन्हा रंग लावतो, पुन्हा खरवडतो. एका वेळी काही हजारांश मिलिमीटरच धातू निघतो. सारा भाग बारीक निळ्या ठिपक्यांनी सारखा भरला, की काम झाले. ठिपक्यांमधील खोलगट जागांत तेल टिकते, हा आणखी एक फायदा.

हौशी माणसाने क्रॉस स्लाइडसारख्या लहान भागापासून सुरुवात करावी. बेड फार झिजला असेल, तर तो मशीनवर ग्राइंड करून घ्यावा आणि सॅडल हाताने त्यावर बसवावी. मात्र धातू काढल्यावर सॅडल खाली येते आणि लीड स्क्रूशी तिची उंची जुळेनाशी होते. तेवढी भरणी पट्टी लावून करावी लागते. एमरी कागदाने बेड चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्याचे कण वाटांमध्ये अडकून झीज वाढवतात. लेथ सुरू करण्यापूर्वी विजेचे अर्थिंग तपासावे आणि चकची चावी काढावी. फिरत्या लेथजवळ हातमोजे किंवा सैल बाह्या नकोत.

वर्गात करून पाहा

शहाबादी फरशीचे तीन लहान चौकोनी तुकडे घ्या. त्यांना अ, ब, क अशी नावे द्या. बारीक वाळू व पाणी टाकून प्रथम फक्त अ आणि ब घासा. अ सतत वर ठेवून बराच वेळ घासल्यास त्यावर धरलेल्या पट्टीखालून प्रकाश दिसू लागेल. मग तिन्ही जोड्या आळीपाळीने, वर-खाली बदलून आणि फिरवून घासा. तेलात कालवलेली नीळ लावून डाग कसे पसरतात ते मुलांना पाहू द्या. मशीन नसतानाही अचूकता कोठून येते, याचे उत्तर त्यांच्या हाताला सापडेल.