स्क्रीन काळी आहे, पण बिघाड स्क्रीनमध्येच आहे का?



लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचा विचार करताय? मग एक वाक्य तुम्हाला सतत ऐकायला मिळणार: "दादा, स्क्रीन गेलीये, नवीन टाकून द्या." गिऱ्हाईक निदान स्वतःच करून आलेलं असतं. नवखा दुकानदार त्यावर विश्वास ठेवतो, बाजारातून स्क्रीन मागवतो, बसवतो... आणि नवी स्क्रीनही काळीच! कारण बिघाड रॅममध्ये होता. आता ती स्क्रीन परत घेणार कोण? पैसे तुमच्या खिशातून गेले.

असं का होतं, ते आधी समजून घ्या. बटण दाबल्यावर मशीन सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करतं. रॅम सापडली नाही, तर ते तिथेच अडकतं आणि स्क्रीनकडे चित्र जातच नाही. पंखा फिरतो, लाइट लागते, समोर मात्र अंधार. बघणाऱ्याला वाटतं, स्क्रीन मेली.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कॅप्स लॉक दाबा. ज्या लॅपटॉपमध्ये त्या बटणाची लाइट असते, तिथे ही चाचणी फुकटात खूप काही सांगून जाते. लाइट चालू-बंद होत असेल तर मशीन बहुतेक जागं आहे, संशय डिस्प्लेच्या बाजूला घ्या. लाइट ढिम्म असेल तर मशीन सुरूच झालेलं नाही, आधी रॅमकडे बघा. काही कंपन्यांचे लॅपटॉप बीप देऊन किंवा पॉवरची लाइट ठरावीक वेळा लुकलुकवून बिघाड सांगतात. त्या मॉडेलचं मॅन्युअल काढा आणि लुकलुक मोजा.

मशीन जागं आहे, पण दिसत नाही? एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं, तर लॅपटॉपची स्क्रीन, तिची केबल किंवा बॅकलाइट यांपैकी काहीतरी बिघडलंय. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काळ्या स्क्रीनवर मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल चालू आहे, मागचा उजेड गेलाय. झाकण हळू पुढेमागे करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल बघा. नवी स्क्रीन लागेलच असं नाही. रेषा दिसत असतील तर त्या बाहेरच्या मॉनिटरवरही दिसतात का ते पाहा. दोन्हीकडे दिसल्या तर संशय ग्राफिक्सवर, आणि ते काम मदरबोर्डवाल्याचं. सुरुवातीला त्यात पडू नका, सरळ पुढे पाठवा.

आता रॅम. चार्जर काढा, मशीन उघडून बॅटरीचं कनेक्शन सोडवा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा. रॅमला हात लावण्याआधी मातीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करा, नाहीतर अंगातली स्थिर वीज पार्ट मारू शकते. दोन्ही बाजूच्या क्लिपा सोडल्या की रॅमची पट्टी तिरकी वर येते. सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पुन्हा नीट बसवा. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, आणि तीच पट्टी दुसऱ्या खाचेतही बघा. कधी पट्टी चांगली असते, खाच खराब असते. मशीन सुरू होतं पण मधेच निळी स्क्रीन येते, दर वेळी वेगळा एरर? स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून चालवा. नवी रॅम घेताना डीडीआर३, ४ की ५ ते आधी पाहा, एकीची खाच दुसरीला चालत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणून गिऱ्हाईकाला "वाढवून देतो" म्हणण्याआधी मॉडेल तपासा.

अजून एक घोळ: "मेमरी फुल झालीये" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला बहुतेक वेळा साठवणीची जागा म्हणायची असते. टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवणं योग्य. जुनी हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल तर एसएसडी सुचवा. तिथे रॅम विकली तर गिऱ्हाईक आठवड्यात परत येईल, तेही भांडायला.

मंगळवार पेठेतलं उदाहरण बघा. कैलास काटकर यांचं शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ४०० रुपये पगारावर लागले. पुढे सुमारे १५,००० रुपयांत स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांपैकी कित्येकांचा पार्ट ठीकच असायचा, खोड व्हायरसची होती. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये डॉससाठीचा क्विक हील ७०० रुपयांना बाजारात आला. तीच कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. प्रत्येक दुकानातून क्विक हील निघणार नाही, हे उघड आहे. पण एकच तक्रार वारंवार येतेय हे ज्याला दिसतं, त्याला पुढचं काम सापडतं. त्यासाठी वही ठेवा: मॉडेल, गिऱ्हाईकाने सांगितलेली तक्रार आणि प्रत्यक्ष निघालेला बिघाड, असे तीन रकाने. यातले शेवटचे दोन किती वेळा जुळत नाहीत, ते तीन महिन्यांनी मोजा.

आणि तपासणीचे पैसे घ्या! "बघायचे कसले पैसे?" असं कुणीतरी म्हणेलच. तपासणी फी आधीच ठरवून बोर्डावर लिहा, दुरुस्ती केली तर बिलातून वजा करा. मशीन घेताना पावतीवर सिरियल नंबर, आधीचे ओरखडे आणि तुटलेली बिजागरी लिहून गिऱ्हाईकाची सही घ्या. विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की त्याच्याकडे आहे का, हे मशीन उघडण्याआधीच विचारा.