फ्रेम लोखंडी की ॲल्युमिनियमची?

देऊळगाव राजात दुधाचे कॅन अडकवून जाणारी काळी सायकल पोलादी फ्रेमची. तिचा वैरी एकच, गंज. आणि तो आतूनही लागतो. पावसाळ्यानंतर सीटचा दांडा उपसून सायकल उलटी धरा. तपकिरी पाणी टपकलं, तर नळी वाळवून आत तेल सोडायलाच हवं. फ्रेमला तडा गेला तरी गावातला चांगला वेल्डिंगवाला ती सांधून देतो.

ॲल्युमिनियमचं तसं नाही. धातू म्हणून वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, लाल गंजही नाही. पण रोजच्या हादऱ्यांनी ते थकतं आणि सांध्याशी केसाएवढी रेघ उमटते. साधं वेल्डिंग चालत नाही, उष्णतेने धातू मऊ पडतो. सीटच्या दांड्याला ग्रीस नसेल तर तो फ्रेममध्ये घट्ट अडकून बसतो.

धातू कुठलाही असो, ‘फ्रेमवर आजीवन वॉरंटी’ ही बहुधा पहिल्या खरेदीदारालाच, तीही बनावटीतल्या दोषापुरती. गंज, अपघात, जादा ओझं सहसा वगळलेलं. वेल्डिंग केलं की दावा बहुतेक फेटाळलाच जातो, म्हणून तडा दिसला की आधी फोटो काढा आणि दुकान गाठा. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बहुधा पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या बुडाशी कोरलेला असतो.