काचेतली आमरी

पुण्याच्या मंडईच्या आसपासच्या फुलांच्या दुकानांत ऑर्किडच्या जांभळ्या-पांढऱ्या दांड्या आता गुलाबाइतक्याच सहज मिळतात. ही बहुतेक डेन्ड्रोबियमची, बुकेसाठी कापलेली फुलं. पण हल्ली काही घरांत ऑर्किडचं अख्खं जिवंत रोपच काचेच्या फुलदाणीत बसलेलं दिसतं. आत माती नाही, कोकोपीट नाही, कोळसा नाही, विटांचे तुकडेही नाहीत. नुसती लोंबणारी मुळं. बघणाऱ्याला हा शोभेचा हट्ट वाटतो. खरं तर हट्ट कुंडीचा असतो आणि तो रोपाचा नसतो, आपला असतो.

ऑर्किड म्हणजे आपली आमरी. सह्याद्रीतली सीतेची वेणी घ्या. आंब्याच्या नाहीतर जांभळीच्या खोडावर ती मुळांनी घट्ट चिकटलेली असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. झाडाचा रस ती पीत नाही, त्यामुळे तिला बांडगूळ म्हणणं अन्यायाचं आहे. तिला हवी असते फक्त बसायला जागा. १८८६ साली मंडईची इमारत ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली, त्या काळात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे (आताचं सीओईपी) प्राचार्य होते थिओडोर कुक. पेशाने अभियंता असलेल्या या माणसाने पुढे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या आमऱ्यांचीही नोंद आहे. त्यांतल्या झाडांवर राहणाऱ्या आमऱ्या चार महिने पावसात भिजतात आणि उरलेले आठ महिने उन्हावाऱ्यात काढतात. मातीशी त्यांचा संबंध येतच नाही.

हे जमतं ते मुळांमुळे. झाडावर राहणाऱ्या आमरीच्या मुळावर ‘व्हेलामेन’ नावाचं जाड, पांढुरकं आवरण असतं. ते पूर्ण वाढलं की त्यातल्या पेशी मरतात आणि मागे उरतात त्यांच्या पोकळ भिंती. पाऊस पडला की हे आवरण टीपकागदासारखं काही सेकंदांत पाणी शोषून घेतं, पण ते वाळायला मात्र कित्येक तास लागतात. खोडावरून ओघळणारं पहिलं पाणी सगळ्यांत कसदार असतं, कारण सालीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पानांवरचे क्षार त्यात उतरलेले असतात. नंतरचं पाणी जवळपास कोरंच. व्हेलामेन नेमकं ते पहिलं पाणी पकडतं आणि त्यातले क्षार धरून ठेवतं. मग आतल्या थरातल्या मोजक्या जिवंत पेशींच्या वाटेने ते सावकाश मुळात शिरतं.

म्हणजे मूळ भिजण्याइतकंच त्याचं वाळणंही गरजेचं. घरातली ऑर्किड तहानेने क्वचित मरतात. बहुतेक गुदमरून मरतात. साधारण २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, तर एक लिटर हवेत २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंदगतीने. व्हेलामेन पाण्याने सतत गच्च राहिलं तर आतल्या जिवंत पेशींना श्वास मिळत नाही, त्या मरतात आणि मग बुरशी शिरते. कुंडीत हे सगळं आपल्या नजरेआड घडतं. पानं सुरकुतली की आपण आणखी पाणी ओततो आणि रोपाचा निकाल लावतो.

काचेत मूळ बोलतं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलेलं हिरवं. पाणी कधी द्यायचं, ते याहून सोप्या भाषेत कोणी सांगणार नाही. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा, कारण या मुळांत थोडंफार प्रकाशसंश्लेषणही चालतं. पश्चिम घाटात टीनिओफायलम नावाची एक चिमुकली आमरी आहे. तिला पानं जवळजवळ नसतातच, अन्न बनवायचं काम मुळंच करतात. काच मुळांपर्यंत उजेड पोचू देते, ही तिची जमेची बाजू. तोच उजेड ओल्या काचेवर शेवाळही वाढवतो, म्हणून फुलदाणी अधूनमधून घासावी लागते.

आणि काच आमरीला नवीन नाहीच. तिचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. निसर्गात ते एखाद्या बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर, बुरशीविना, काचेच्या भांड्यात ते रुजवून दाखवलं. आज रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक ऑर्किड अशी काचेतच जन्मलेली असतात.

आता पुण्याच्या हवेचं बघू. काचेसाठी सगळ्यांत योग्य ऑर्किड म्हणजे वांडा, कारण तिची मुळं जाड, लांब आणि मोकळी असतात. मुळं फुलदाणीत आणि पानं तोंडाबाहेर, अशी तिची बैठक. सकाळी मुळं बुडतील इतकं पाणी भरायचं, वीस-तीस मिनिटांनी ओतून टाकायचं आणि दिवसभर फुलदाणी रिकामी ठेवायची. एप्रिलमध्ये इथली दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा हे रोज करावं लागतं आणि निमुळत्या तोंडाची फुलदाणी ओल जरा जास्त वेळ धरते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच फुलदाणी वैरी ठरते. रुंद तोंडाची बरणी घ्यावी आणि मूळ चंदेरी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर ते टिपून घ्यावं. थेट ऊन टाळावं, बंद काच झटकन तापते.

फेलेनॉप्सिस या ऑर्किडची मुळं दोन दिवस थोडी पाण्यात आणि पाच दिवस कोरडी, अशीही एक पद्धत आहे. काही जण ती कायमच पाण्यात ठेवतात. पाण्यातच फुटलेली नवी मुळं तिथे तग धरतात, पण जुनी बहुधा कुजतात. मला ही कायमची बुडी पटत नाही, आणि त्याला दुसरंही कारण आहे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं फुलदाण्या तपासतात ती उगाच नाही.

पाणी नळाचं किंवा पावसाचं चालेल. बोअरचं किंवा टँकरचं बहुधा जड असतं, त्यातले क्षार वाळत वाळत मुळांच्या टोकांवर साठतात आणि ती करपतात. खत द्यायचं ते अगदी पातळ.

रोप घ्यायचं ते रोपवाटिकेतलंच. घाटात फांदीवर दिसलेली आमरी ओरबाडून आणू नये. ती दिवाणखान्यात सहसा जगत नाही आणि जंगलात बी धरणारी एक आमरी कमी होते. रोज सकाळी अर्धा तास फुलदाणीकडे लक्ष देणं जमणार नसेल, तर काचेच्या वाटेला जाऊ नका. अंगणात आंबा असेल तर त्याच्या फांदीला रोप काथ्याने बांधा, मुळं सालीला धरेपर्यंत पाणी शिंपडा आणि उन्हाळ्यात तेवढं विसरू नका.