सिसिली टायसन

सिसिली टायसन (१९ डिसेंबर, १९२४ – २८ जानेवारी, २०२१) या अमेरिकन चित्रपट, दूरचित्रवाणी व रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचे कणखर व सन्माननीय चित्रण करणाऱ्या भूमिका निवडणे आणि या कसोटीला न उतरणाऱ्या भूमिका नाकारणे, यासाठी त्या ओळखल्या जातात. सुमारे सात दशकांच्या कारकिर्दीत त्यांना तीन एमी पुरस्कार, एक टोनी पुरस्कार आणि मानद ऑस्कर पुरस्कार मिळाला.

प्रारंभिक जीवन

टायसन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला व बालपण तेथील हार्लेम भागात गेले. त्यांचे आईवडील वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरून अमेरिकेत आले होते. टंकलेखिका म्हणून नोकरी केल्यानंतर १९५० च्या दशकात त्या मासिकांसाठी मॉडेलिंग करू लागल्या व तेथून अभिनयाकडे वळल्या. धर्मनिष्ठ आईला नाटक-सिनेमा पापमय वाटत असल्याने तिने मुलीला घर सोडण्यास सांगितले. मायलेकींमध्ये काही काळ अबोला होता. टायसन यांचे जन्मवर्ष अनेक वर्षे १९३३ असे छापले जात असे.

कारकीर्द

रंगभूमी व दूरचित्रवाणीवरील सुरुवात

१९६१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या फ्रेंच नाटककार झां जने यांच्या 'द ब्लॅक्स' या नाटकात त्यांनी काम केले. या निर्मितीचे १,४०८ प्रयोग झाले. जेम्स अर्ल जोन्स व माया अँजेलो हे त्यांचे सहकलाकार होते.

'ईस्ट साईड/वेस्ट साईड' (१९६३–६४) या मालिकेत त्यांनी समाजसेवा कार्यालयातील सचिव जेन फॉस्टर हिची भूमिका केली. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिकेत कायमस्वरूपी भूमिका मिळालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय अभिनेत्रींमध्ये त्यांची गणना होते. त्या काळी कृष्णवर्णीय अभिनेत्री सहसा केस सरळ करून पडद्यावर येत; टायसन यांनी मात्र आपले आखूड, कुरळे केस नैसर्गिक स्वरूपातच ठेवले.

'साउंडर' आणि त्यानंतर

मार्टिन रिट दिग्दर्शित 'साउंडर' (१९७२) हा चित्रपट १९३३ सालच्या लुइझियानातील, वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबाची कथा सांगतो. अन्न चोरल्याबद्दल पतीला तुरुंगवास झाल्यावर शेत आणि संसार सांभाळणाऱ्या रिबेकाच्या भूमिकेसाठी टायसन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले.

त्याच सुमारास गुन्हेगारी, अमली पदार्थ व वेश्याव्यवसाय यांभोवती फिरणाऱ्या, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या चित्रपटांची लाट आली होती. टायसन यांनी अशा चित्रपटांवर टीका केली व त्यांपासून दूर राहणे पसंत केले. त्याची किंमत म्हणून दोन महत्त्वाच्या भूमिकांमध्ये अनेकदा दीर्घ खंड पडे. पात्र गरीब, निरक्षर किंवा मोलकरीण असण्याला त्यांची हरकत नव्हती. त्या स्त्रीला स्वतःचे मन व स्वाभिमान आहे की नाही, हे त्या पाहत.

दूरचित्रवाणीवरील प्रमुख भूमिका

अर्नेस्ट गेन्स यांच्या कादंबरीवर आधारित 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' (१९७४) या चित्रपटात त्यांनी गुलामगिरीत जन्मलेल्या व नागरी हक्क चळवळीपर्यंत जगलेल्या स्त्रीचे तारुण्यापासून वयाच्या ११० व्या वर्षापर्यंतचे आयुष्य साकारले. फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या नळाचे पाणी वृद्ध जेन पिते, हे त्यातील विशेष गाजलेले दृश्य होय. या भूमिकेसाठी त्यांना दोन एमी पुरस्कार मिळाले.

यानंतर 'रूट्स' (१९७७) मध्ये कुंटा किंटेची आई बिंटा, 'किंग' (१९७८) मध्ये कोरेटा स्कॉट किंग, 'अ वुमन कॉल्ड मोझेस' (१९७८) मध्ये गुलामांना स्वातंत्र्याकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमन आणि 'द मार्व्हा कॉलिन्स स्टोरी' (१९८१) मध्ये शिकागोतील शिक्षिका मार्व्हा कॉलिन्स या भूमिका त्यांनी केल्या. १९९४ मध्ये त्यांना सहायक अभिनेत्री म्हणून तिसरा एमी मिळाला.

उत्तरार्ध

'फ्राइड ग्रीन टोमॅटोज' (१९९१) व 'द हेल्प' (२०११) या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका लहान, परंतु लक्षणीय होत्या. 'द ट्रिप टू बाउंटिफुल' हा १९८५ चा चित्रपट पाहिल्यापासून त्यांना तशा भूमिकेची इच्छा होती. २०१३ मध्ये हॉर्टन फूट यांच्या याच नाटकातून त्या तीस वर्षांनी ब्रॉडवेवर परतल्या. मूळ गावी जाण्याची आस लागलेल्या वृद्ध कॅरी वॉट्स हिच्या या भूमिकेसाठी त्यांना वयाच्या ८८ व्या वर्षी टोनी पुरस्कार मिळाला. प्रयोगात त्या भक्तिगीत गाऊ लागल्या की प्रेक्षकही त्यांच्या सुरात सूर मिसळत. २०१५ मध्ये 'द जिन गेम' या दोनपात्री नाटकात त्या पुन्हा जेम्स अर्ल जोन्स यांच्यासोबत रंगमंचावर आल्या.

वैयक्तिक जीवन

१९८१ मध्ये त्यांचा विवाह जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस यांच्याशी झाला. १९८९ मध्ये ते विभक्त झाले. डेव्हिस यांच्या 'सॉर्सरर' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर टायसन यांचे छायाचित्र आहे.

सन्मान व निधन

२०१५ मध्ये त्यांना केनेडी सेंटर सन्मान आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान प्राप्त झाला. २०१८ मध्ये मानद ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथील कलाशिक्षण देणाऱ्या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. 'जस्ट ॲज आय ॲम' हे त्यांचे आत्मचरित्र २६ जानेवारी, २०२१ रोजी प्रकाशित झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.