परागनलिकेचे दिशादर्शन

सपुष्प वनस्पतींमध्ये कुक्षीवर रुजलेल्या परागकणातून निघणारी नलिका ज्या संकेतांच्या आधारे बीजांडापर्यंत पोहोचते, त्या प्रक्रियेस परागनलिकेचे दिशादर्शन असे म्हणतात. नेच्यांच्या शुक्रपेशी पाण्यातून पोहत जातात. सपुष्प वनस्पतींच्या शुक्रपेशींना पोहता येत नाही. त्यामुळे दोन्ही शुक्रपेशी नलिकेतूनच वाहून न्याव्या लागतात. नलिका वाट चुकली तर फलन होत नाही. मक्याच्या कणसावरील प्रत्येक केसातून एका दाण्यासाठीचा हा प्रवास अनेक सेंटिमीटरांचा असतो.

नलिका केवळ टोकाशी वाढते. संकेत ज्या बाजूने मिळतो त्या बाजूस पेशीभित्तिकेचे नवे द्रव्य अधिक प्रमाणात पोहोचते व टोक तिकडे वळते.

शोधाचा इतिहास

जोव्हानी बात्तिस्ता आमिची यांनी १८२४ मध्ये परागनलिकेचे निरीक्षण नोंदवले, ते घोळ या परिचित पालेभाजीच्या फुलात. नलिकेला ओढणारा पदार्थ कोणता, हे मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिले. १९६२ मध्ये कॅल्शियमचे नाव पुढे आले. पण एवढा सर्वत्र आढळणारा पदार्थ नेमके ठिकाण कसे दाखवील, ही शंका रास्तच होती.

उलगडा टोरेनिया या शोभेच्या झाडामुळे झाला. बहुतेक वनस्पतींत भ्रूणकोष बीजांडात दडलेला असतो. टोरेनियात त्याचा काही भाग बाहेर डोकावतो. तेत्सुया हिगाशियामा व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यातील एकेक पेशी लेसरने नष्ट करून पाहिली. अंडपेशी नष्ट केली तरी नलिका येत राहिल्या. तिच्या शेजारच्या दोन्ही सहायक पेशी शाबूत असताना ९८ टक्के, एकच उरल्यास ७१ टक्के भ्रूणकोषांकडे नलिका वळल्या; दोन्ही नष्ट केल्यावर एकाही भ्रूणकोषाकडे नाही. या पेशींतून स्रवणारी लहान प्रथिने २००९ मध्ये ओळखली गेली. त्यांना ‘आमिष’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ‘ल्युअर’ हे नाव मिळाले. कुक्षीवृंतातून न जाता नुसत्या पोषक माध्यमावर वाढलेल्या नलिका मात्र या आमिषाला प्रतिसाद देत नाहीत.

मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसमध्ये ल्युअर ओळखणारे ‘पीआरके६’ हे ग्राही प्रथिन २०१६ मध्ये सापडले. पुढे २०१९ मधील संशोधनात ल्युअरची जनुके काढून टाकूनही या झाडाला बी धरले. स्वजातीच्या नलिकांना परजातीच्या नलिकांवर मिळणारी आघाडी तेवढी गेली. म्हणजे हे आमिष एकमेव नसून, स्वजातीला अग्रक्रम देणे हेही त्याचे काम आहे.

आगमनानंतर

नलिका एका सहायक पेशीत शिरून फुटते आणि शुक्रपेशी मोकळ्या होतात. फलन यशस्वी झाल्यास उरलेली सहायक पेशीही निष्क्रिय होते व पुढील नलिकांचे आकर्षण थांबते. फलन फसल्यास ती टिकून राहते आणि दुसरी नलिका बोलावली जाते.