चारशे सात आणि चार जपानी ट्रक

टाटा ४०७ हा हलका मालवाहू ट्रक टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ मध्ये बाजारात आणला. पुण्याच्या कारखान्यात तयार झालेला हा ट्रक म्हणजे चार जपानी प्रतिस्पर्ध्यांना दिलेले उत्तर होते.

त्याआधी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातली हलकी वाहने म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची तीनचाकी आणि १९६९ पासूनची मॅटॅडोर. या कंपनीचे नाव मराठीत इतके रुळले, की कुठल्याही छोट्या मालवाहू गाडीला लोक टेम्पोच म्हणू लागले. टेल्कोचे वर्चस्व होते ते मोठ्या ट्रकांत.

१९८० नंतर सरकारने हलक्या ट्रकांसाठी जपानी सहकार्याला परवानगी दिली. पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी, सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, पंजाबात स्वराज-माझदा आणि झहीराबादला ऑल्विन-निसान असे चार कारखाने उभे राहिले. या ट्रकांची केबिन थेट इंजिनावर बसवलेली, त्यामुळे तोंडवळा चपटा. गाड्या चपळ होत्या, पण सुरुवातीला बरेच सुटे भाग जपानमधून येत. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला आणि हे भाग महागले.

सुमंत मूळगावकर यांच्या अध्यक्षतेखालील टेल्कोने जपानी भागीदार न घेता स्वतःचाच ट्रक घडवला. ४०७ ला पुढे आखूड नाक होते. त्याच्या ४९७ इंजिनाच्या नावातच त्याची घडण सांगितलेली आहे: सिलिंडर ४, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. मोठ्या ट्रकच्या ६९७ इंजिनाचा व्यासही तेवढाच, सिलिंडर मात्र ६. ट्रकवाल्यांना ही घडण परकी नव्हती आणि टेल्कोची विक्री-दुरुस्तीची साखळी देशभर आधीपासूनच होती.

जपानी नावे हळूहळू मागे पडली. ऑल्विन-निसान महिंद्राकडे गेली, डीसीएम-टोयोटा कोरियाच्या देवूकडे. स्वराज-माझदाची पुढे एसएमएल इसुझू झाली. आयशरने मात्र मित्सुबिशीकडून मिळालेल्या पायावर आपला व्यवसाय वाढवला.

टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. सिएरा ही मोटार त्याच्याच सांगाड्यावर उभी राहिली. २००५ मध्ये टाटा एस आली. दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे डिझेल इंजिन असलेली ही चारचाकी जपानच्या ६६० सीसी मर्यादेतल्या ‘केई’ ट्रकांच्या जवळची. मालवाहू तीनचाकीची जागा घेणाऱ्या या गाडीला लोकांनी नाव दिले ‘छोटा हत्ती’.